परभाषेच्या घरीं

परभाषेचें व्याकरण पुस्तकांतून शिकतां येतें. परंतु अनोळखी घरांत, जेवणाच्या टेबलापाशीं, चारचौघांत मीठ मागण्याचें धैर्य पुस्तकांतून येत नाहीं. हें धैर्य शाळकरी मुलांना यावें म्हणून युरोपांतील दोन राष्ट्रांनीं आपलीं घरें एकमेकांच्या मुलांना उघडीं केलीं. आणि तीं राष्ट्रें तरी कोणतीं? १८७०, १९१४ आणि १९३९ असे सत्तर वर्षांत तीन वेळां एकमेकांशीं लढलेले फ्रान्स आणि जर्मनी.

आरंभ शहरांनीं केला. १९५० सालीं फ्रान्समधील माँबेल्यार आणि जर्मनींतील लुडविग्सबुर्ग यांनीं परस्परांशीं स्नेहसंबंध जोडला. याच लुडविग्सबुर्गच्या राजवाड्याच्या प्रांगणांत ९ सप्टेंबर १९६२ रोजीं फ्रान्सचे अध्यक्ष द गोल जर्मन तरुणांपुढें उभे राहिले आणि जर्मन भाषेंत बोलले. पहिल्या महायुद्धांत जर्मनांच्या बंदिवासांत दिवस कंठलेल्या सेनानीनें शत्रूची भाषा तोंडीं घ्यावी, ही गोष्ट त्या काळीं सामान्य नव्हती. पुढें २२ जानेवारी १९६३ रोजीं दोन्ही देशांचा तह झाला, आणि त्याच वर्षीं जुलैमध्यें मुलांच्या जाण्यायेण्याची व्यवस्था पाहणारें संयुक्त युवक-कार्यालय स्थापन झालें. ज्या घरांतील कर्ता पुरुष युद्धांत कामास आला होता, त्या घरच्या आईनें त्या देशाच्या मुलासाठीं अंथरूण घालावें, हें तहाच्या कागदाहून अवघड काम होतें.

आज या व्यवस्थेंत अनेक योजना आहेत. दोन्ही देशांच्या नेत्यांजवळ काम केलेल्या दुभाषी ब्रिजित सोझे यांच्या नांवाची योजना साधारण तीन महिन्यांची आहे. व्होल्तेअरच्या नांवाची योजना सहा महिने इकडे आणि सहा महिने तिकडे अशी आहे. अट एकच : जो पाहुणा झाला, त्यानें यजमानहि झालें पाहिजे.

दिजोंची एखादी मुलगी माइन्झला जाते तेव्हां पहिला धक्का तिला वर्गांतच बसतो. फ्रान्समध्यें गुण वीसपैकीं. जर्मनींत 'एक' हा सर्वांत उत्तम शेरा. वहीवर लाल शाईंत 'एक' पाहून तिचा जीव खालीं-वर व्हावा, यांत नवल नाहीं! शिवाय तेथें वर्गांत तोंड उघडण्यालाहि गुण आहेत. मुकाट्यानें टिपणें उतरवून घेण्याची संवय उपयोगीं पडत नाहीं. संध्याकाळीं गरम जेवणाऐवजीं पुष्कळ घरांत पाव, चीज आणि काकडी.

पण खरी परीक्षा संभाषणाची. जर्मन गौणवाक्यांत क्रियापद अखेरीस येतें. मराठी माणसाला त्यांत कांहीं वावगें वाटणार नाहीं. फ्रेंच मुलीला मात्र तें फार जड जातें. घरीं दुसऱ्याचें वाक्य मध्येंच तोडून बोलण्याची तिची रीत; येथें क्रियापद येईपर्यंत होय कीं नाहीं हेंच कळत नाहीं, तेव्हां थांबणें भाग. महिनाभरानें ती ऐकावयास शिकते, आणि हें ऐकणें कोणत्याहि धड्यांत नव्हतें.

अडखळल्यावर एक पळवाट मात्र दोघींनाहि ठाऊक असते : इंग्रजी. ती दोघींनाहि थोडीथोडी येते, आणि तिच्यांत दोघीहि सारख्याच परक्या असतात. म्हणूनच ती सोपी आणि म्हणूनच ती घातक. तिच्या आश्रयास गेलेली पाहुणी तीन महिने राहूनहि त्या घराच्या अंगणांतच उभी राहते.

पुढें फेरा उलटतो. माइन्झची मुलगी दिजोंला येते, आणि आतां अडखळण्याची पाळी तिची. टेबलावर सगळे एकदम बोलत असतात. ती तोंड उघडते, शब्द सांपडत नाहीं, लाल होते. वडील तो पुरवावयास पुढें सरसावतात, तोंच त्यांची मुलगी हळूच त्यांच्या हातावर हात ठेवते. सगळे थांबतात. थोड्या वेळानें शब्द येतो. चुकीच्या लिंगांत, पण येतो.