हाडातली वाळवी

बडोद्याच्या दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांत दिवस काढलेल्यांना वाळवी काय ते सांगायला नको. तुळई वरून धडधाकट, आतून पोकळ. वाळवी मातीचा लेप चढवते आणि त्याच्या आड खात बसते. हाडातल्या जुनाट पुवाचं हेच आहे. स्टॅफिलोकॉकस जंतू स्वतःभोवती चिकट पापुद्रा करतो आणि मेलेल्या हाडावर ठाण मांडतो. त्या हाडाला रक्तच नाही, मग रक्तातून येणारं औषध पोचणार कसं? उंदरांच्या हाडांत तर हे जंतू स्वतःपेक्षा अरुंद नळ्यांत अंग चोरून शिरलेले सापडलेत.

म्हणून नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म कणांतून औषध. जंतू सुमारे हजार नॅनोमीटरचा, औषधाचा कण शंभर-दोनशेचा. सुतार वाळवीच्या भोकात पिचकारीनं औषध सोडतो ना, तसं. १९७०च्या दशकापासून जेंटामायसिन हे जंतुमारक औषध घातलेले बोन सिमेंटचे मणी वापरात आहेत, पण ते पुन्हा काढावे लागतात. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट हाडाचंच द्रव्य. त्याच्या कणांतून औषध झिरपतं आणि नव्या हाडाला आधारही मिळतो. लोहाचे कण टोचून एमआरआयवर दाह हुडकण्याचेही प्रयोग झालेत, बरेचसे प्राण्यांवर. मात्र कुजलेली तुळई कापावीच लागते, तसा मेलेल्या हाडाचा तुकडाही. शस्त्रक्रिया टळेल या आशेवर राहू नका.

आता माझं नेहमीचं भांडण. कण कितीही बारीक करा, त्यात भरायचं काय? ते हाडाचा तुकडा कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, गेल्यावरच कळतं. जखमेच्या तोंडावरचा पू पुसून पाठवला तर बरेचदा भलताच जंतू सापडतो. आणि आपण काय करतो? पायाची जखम वाहू लागली की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या. पू थांबला, गोळ्या बंद. महिन्यानं पुन्हा तेच. मग नमुना घ्यावा तर गोळ्यांनी दबलेला जंतू वाढतच नाही, कल्चर कोरं! मधुमेहींनो, हे तुम्हालाच सांगतोय. थंडी-ताप भरून माणूस गळाला असेल तर गोष्ट वेगळी, तिथं औषध लगेच. एरवी आधी नमुना, मग गोळी. पुन्हा सांगतो, नमुना आधी.

आपल्या सयाजीराव विद्यापीठाच्या फार्मसी विभागात औषध वाहून नेणाऱ्या सूक्ष्म कणांवर बरंच काम झालंय, त्याबद्दलही... पण वेळ संपली म्हणून निवेदक स्टुडिओच्या काचेपलीकडून हात दाखवताहेत. एवढंच करा, पाय दाखवायला जाल तेव्हा घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, रिकामीसुद्धा, पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांसमोर ठेवा.