पडद्यावरची कमाई आणि देशाची वाढ



ऑनलाइन खेळ आणि त्यांतली नाणी हा व्याख्यानमालेचा विषय होऊ शकतो का, असं पत्रिका वाचताना काहींना वाटलं असेल. माझ्या मते होऊ शकतो, आणि व्हायला हवा. जिथे माणसं पाळ्यांमध्ये राबतात, माल तयार होतो, दलाल तो उचलतात, भाव चढतात आणि कोसळतात, आणि त्यावर कुणाचं तरी घर चालतं, तिथे अर्थशास्त्राने पाठ फिरवून चालत नाही. या पडद्यावरच्या बाजारातून गरीब देशांच्या पदरात नक्की काय पडतं, आणि पडलेलं टिकतं का, एवढंच मला आज आपल्यासोबत तपासायचं आहे.

सुरुवात २००१ पासून करू. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने त्या वर्षी ‘एव्हरक्वेस्ट’ या ऑनलाइन खेळावर एक निबंध लिहिला. या खेळात नोराथ नावाचं काल्पनिक जग आहे. लोक तिथे तासन् तास घालवून तलवारी, चिलखतं, नाणी मिळवत आणि खेळाबाहेर लिलावाच्या संकेतस्थळांवर खऱ्या डॉलरना विकत. त्या सौद्यांवरून कॅस्ट्रोनोव्हाने हिशेब मांडला. खेळणारा तासाला सुमारे साडेतीन डॉलरचा माल निर्माण करत होता, आणि नोराथचं दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरिया यांच्या मध्ये कुठेतरी बसत होतं. अमेरिकेत तासाला साडेतीन डॉलर म्हणजे काहीच नव्हे. चीनमधल्या कारखान्यात तेव्हा मजुराला त्याहून कितीतरी कमी मिळत असे.

इथेच या व्यापाराचं मूळ आहे. श्रीमंत देशातल्या खेळाडूकडे पैसा असतो, पण पहिल्या पायरीपासून राक्षस मारत बसायला वेळ नसतो. गरीब देशातल्या बेकार तरुणाकडे वेळ असतो, पैसा नसतो. मधे इंटरनेटची तार आली आणि सौदा जुळला. याला ‘गोल्ड फार्मिंग’ असं नाव पडलं.

असा एक कारखाना जरा जवळून पाहू. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने २००७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मॅगझिनमध्ये चीनमधल्या नानजिंग शहरातल्या एका कारखान्याचं वर्णन केलं. कारखाना म्हणजे ओळीने संगणक मांडलेली खोली. कामगार ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ रात्रपाळीत बारा-बारा तास खेळायचे. सुट्टी महिन्यातून दोन-तीन रात्री. तेच राक्षस पुन्हा पुन्हा मारायचे, पडलेली नाणी गोळा करायची आणि मालकाच्या खात्यात भरायची. शंभर नाण्यांमागे कामगाराला दहा युआन, म्हणजे तेव्हाचा सव्वा डॉलर मिळे. तासाचा हिशेब केला तर तीस सेंट. मालक तीच नाणी ऑनलाइन व्यापाऱ्याला तीन डॉलर किंवा थोड्या अधिक भावाने देई, आणि अमेरिका-युरोपातलं गिऱ्हाईक त्यासाठी वीस डॉलरपर्यंत मोजत असे. यातले काही कामगार पाळी सुटल्यावर पदरचे पैसे घालून सायबर कॅफेत तोच खेळ हौसेने खेळत. माणसाला आपल्या कामात किती जीव ओतता येतो, हे त्यातून दिसतं, आणि म्हणूनच त्याला मिळणारा सव्वा डॉलर मला जास्त खटकतो.

मात्र याच आकड्यांकडे दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवं. जागतिक बँकेच्या इन्फोडेव्ह या कार्यक्रमासाठी विली लेहदोनविर्ता आणि मिर्को एर्नक्विस्ट या संशोधकांनी २०११ मध्ये एक अहवाल तयार केला. खेळांतली नाणी, वस्तू आणि खेळून देण्याची सेवा पुरवणाऱ्या धंद्याची २००९ मधली उलाढाल त्यांनी सुमारे तीन अब्ज डॉलर धरली, आणि त्यातला बहुतांश पैसा चीन, व्हिएतनामसारख्या विकसनशील देशांतच राहतो असं दाखवलं. शेजारी त्यांनी कॉफीचं उदाहरण ठेवलं. जगाची कॉफीची बाजारपेठ सत्तर अब्ज डॉलरची, पण कॉफी पिकवणाऱ्या देशांच्या हाती त्यातले जेमतेम साडेपाच अब्ज. लासलगावचा कांदा मुंबईच्या मंडईत पोचेपर्यंत मधल्यांनी काय केलं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. कॉफीची साखळी त्याहून लांब आहे. ती सुकवणं, जहाजात भरणं, भाजणं, नाव लावून विकणं, या प्रत्येक टप्प्यावर पैसा श्रीमंत देशाकडे सरकतो. खेळातल्या नाण्याला गोदाम लागत नाही, बंदर लागत नाही. कामगार चिनी, मालक चिनी, कित्येकदा ऑनलाइन व्यापारीही चिनी. म्हणून देशाचा वाटा मोठा.

तेव्हा देशाचा वाटा आणि माणसाचा वाटा हे दोन वेगळे हिशेब आहेत. अहवालातला तीन अब्जांचा आकडा पहिला हिशेब सांगतो, नानजिंगचा सव्वा डॉलर दुसरा. विकासाच्या चर्चेत पहिला हिशेब मांडून लोक उठून जातात, अशी माझी तक्रार आहे. शिवाय तिसराही एक हिशेब आहे, तो म्हणजे काम संपल्यावर करणाऱ्याच्या हाती काय उरलं याचा. गोल्ड फार्मिंग खेळाच्या कंपन्यांच्या नियमाबाहेरचं होतं. कंपनीला वास लागला की खातं बंद, साठवलेली नाणी गेली. चार वर्षं राबलेल्या मुलाला दुसऱ्या मालकापुढे ठेवायला दाखला नाही, अनुभवाचा कागद नाही. चीन सरकारने जून २००९ मध्ये आभासी चलनाने खऱ्या वस्तू घेण्यावर निर्बंध आणले, तेव्हा या कामगारांची बाजू मांडायला कुणी उभं राहिलं नाही. राहणार कोण? कागदोपत्री ते कामगारच नव्हते.

पुढे व्हेनेझुएलात हाच धंदा वेगळ्या कारणाने वाढला. तिथलं बोलिव्हार हे चलन महागाईत पार बुडालं, आणि ‘रूनस्केप’ या खेळातलं सोनं देशाच्या नोटेपेक्षा भरवशाचं ठरलं. लोकांनी ते विकून डॉलर मिळवले, त्यातून अन्न आणि औषधं घेतली. संकटातला आधार म्हणून त्याची किंमत मी कमी लेखणार नाही. त्याला वाढ मात्र म्हणता येत नाही.

आता फिलिपिन्सकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडच्या मुलांनाही अशीच आमिषं दाखवली जातात.

व्हिएतनामच्या हो ची मिन्ह सिटीतल्या स्काय मॅव्हिस या कंपनीने २०१८ मध्ये ‘ॲक्सी इन्फिनिटी’ हा खेळ आणला. गुबगुबीत काल्पनिक प्राणी पाळायचे आणि झुंजवायचे. खेळायला किमान तीन प्राणी विकत घ्यावे लागत. झुंज जिंकली की एसएलपी नावाचं टोकन मिळे आणि ते बाजारात विकून रोख रक्कम करता येई. कोविडच्या टाळेबंदीत फिलिपिन्समध्ये रोजगार बसले होते. मनिलाच्या उत्तरेला असलेल्या कबानातुआन शहरात काहींनी हा खेळ धरला, त्यांच्यावर २०२१ मध्ये एक माहितीपट निघाला आणि गावोगाव लोण पसरलं. गृहिणी, रिक्षावाले, विद्यार्थी खेळू लागले. त्या वर्षाच्या मध्याला कित्येकांची कमाई किमान वेतनापेक्षा जास्त होती. ऑगस्टमध्ये तिथल्या अर्थखात्याने या कमाईवर कर लागतो, असंही सांगून टाकलं.

प्राण्यांचे भाव चढत गेले, तशी तीन प्राण्यांची जुळणी गरिबाच्या आवाक्याबाहेर गेली. मग पैसेवाले ‘मॅनेजर’ पुढे आले. ते आपले प्राणी खेळायला देत आणि कमाईतला वाटा घेत. खेळणाऱ्याला ‘स्कॉलर’ म्हणत. आपल्या शेतीत बटाईदार असतो, तोच हा माणूस. कर्ज काढून स्वतःचे प्राणी घेणारेही होते.

या सगळ्याचा कच्चा दुवा कुठे होता, ते नीट समजून घ्या. एसएलपी टोकनचा मुख्य उपयोग एकच, नवे प्राणी पैदा करणं. नवे प्राणी घेणार कोण? नवे खेळाडू. म्हणजे आज खेळणाऱ्याची मजुरी उद्या येणाऱ्याच्या खिशातून निघत होती. नानजिंगच्या नाण्याला अमेरिकेत खरं गिऱ्हाईक होतं. त्याला आपल्या करमणुकीसाठी ते नाणं हवं होतं आणि त्यासाठी पैसे मोजायला तो तयार होता. इथे तसं बाहेरचं गिऱ्हाईक फार थोडं. येणाऱ्यांची रांग आखूड झाली आणि भाव घसरला. जुलै २०२१ मध्ये एका टोकनला तीस सेंटहून अधिक मिळत होते, मे २०२२ मध्ये एक सेंटही मिळेना. समजा, एखादी बाई दिवसाकाठी शंभर टोकन मिळवत होती. त्याच कष्टाचे तिला आधी तीस डॉलर आणि दहा महिन्यांनी एका डॉलरच्या आत. दरम्यान मार्च २०२२ मध्ये या खेळातले व्यवहार ज्या संगणकी जाळ्यावर चालत त्यावर दरोडा पडला आणि साठ कोटी डॉलरहून अधिक रक्कम चोरीला गेली. सहा दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही. अमेरिकेच्या एफबीआयने नंतर उत्तर कोरियाशी संबंधित लाझारस टोळीकडे बोट दाखवलं.

यातून मी काढलेला निष्कर्ष असा, की अशा खेळात राबणारा देश आणि खेळ घडवणारा देश यांच्यात मोठा फरक पडतो. व्हिएतनामही विकसनशीलच आहे. पण तिथे प्रोग्रामर, चित्रकार, हिशेबनीस तयार झाले. त्यांचं कसब त्यांच्यापाशी राहिलं, उद्या ते दुसरं काही उभं करतील. फिलिपिन्सच्या खेळाडूकडे टोकन उरले, ज्यांना कुणी विचारत नाही.

खेळांच्या पलीकडे या अर्थव्यवस्थेचा दुसरा भाग आहे, तो म्हणजे सूक्ष्म कामांचा. चित्रातली वाहनं ओळखणं, आवाज ऐकून लिहिणं, पावत्यांवरचे आकडे भरणं. ॲमेझॉनने २००५ मध्ये मेकॅनिकल टर्क हा ऑनलाइन मंच सुरू केला तेव्हापासून ही कामं जगभर वाटली जाऊ लागली आणि भारतीय त्यांत मोठ्या संख्येने आहेत. ऑनलाइन कंत्राटी काम करणारे जगात १५ कोटी ४० लाख ते ४३ कोटी ५० लाख असावेत, असा जागतिक बँकेचा २०२३ मधला अंदाज आहे. दोन आकड्यांमधलं अंतर पाहा. या माणसांची मोजदादच नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये दिलेली सरासरी कमाई तासाला ३.४ डॉलर होती, पण निम्म्या लोकांना दोन डॉलरच्या आसपास किंवा त्याहून कमी मिळत होते. काम शोधण्यात जाणाऱ्या वेळेचे पैसे कुणी देत नाही.

तरीही मी निराश नाही, आणि त्याचं कारण आपल्याच भाषेतलं आहे. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी मराठी आवाज गोळा करण्याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात तीन गट होते: खेड्यातले कमी उत्पन्नाचे लोक, शहरातले कमी उत्पन्नाचे लोक आणि विद्यापीठातले विद्यार्थी. एकूण ३६ जणांकडून १०९ तासांचं रेकॉर्डिंग मिळालं. काम साधं होतं. मोबाइलच्या पडद्यावर मराठी वाक्य येतं, ते मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करायचं. निकाल असा, की कमी उत्पन्नाच्या लोकांचं काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचं होतं. याच धाग्यातून पुढे बंगळुरूत ‘कार्य’ ही संस्था उभी राहिली. ती तासाला किमान पाच डॉलरच्या आसपास मोबदला देते, आणि गोळा केलेला आवाज पुन्हा विकला गेला तर त्यातलाही वाटा बोलणाऱ्याला मिळावा, असं तिचं धोरण आहे.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. इथे गिऱ्हाईक खरं आहे, कारण यंत्रांना मराठी शिकायची आहे. माल असा आहे, की तो दुसऱ्या देशातून स्वस्तात आणता येत नाही. वऱ्हाडातल्या, मालवणातल्या, खानदेशातल्या बाईचं बोलणं त्या-त्या ठिकाणीच मिळणार. राक्षस कुणीही मारू शकतो, म्हणून त्याची मजुरी घसरते. आणि पुनर्विक्रीत वाटा असेल, तर काम संपल्यावरही करणाऱ्याच्या हाती काहीतरी राहतं. हे काम आयुष्यभर पुरेल असं मात्र नाही. एका माणसाचा आवाज अमर्याद तास कुणाला लागत नाही. ही वरकमाई आहे. तिच्यावर शिक्षणाची फी भरता येईल, शिलाई यंत्र घेता येईल. संसार त्यावर उभा करू नये.

कायद्याकडे वळलो तर आपल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ‘प्लॅटफॉर्म कामगार’ हा शब्द आला, आणि कंपन्यांनी उलाढालीतला एक ते दोन टक्के हिस्सा त्यांच्या सुरक्षेसाठी द्यावा अशी तरतूद आली. डिलिव्हरीच्या मुलांसाठी ती उपयोगी पडेल. पण ज्या मंचाचं कार्यालय सात समुद्रांपलीकडे आहे, त्याच्याकडून हा हिस्सा कसा घ्यायचा, याचा विचार अजून व्हायचा आहे. माझी मागणी त्याहून साधी आहे. मोबदला टोकनमध्ये किंवा पॉइंटमध्ये न देता रुपयांत आणि थेट बँक खात्यात द्यावा. आणि केलेल्या कामाचा दाखला कामगाराच्या नावाने निघावा, जो मंच बदलला तरी त्याच्यासोबत जाईल. एवढं झालं तर तिसऱ्या हिशेबात काही तरी जमा होईल.

आपल्या तालुक्यातल्या महाविद्यालयांना आणि वाचनालयांना एक विनंती करून थांबतो. घरबसल्या कमाईची जाहिरात घेऊन एखादा विद्यार्थी तुमच्याकडे आला, तर त्याला हसून परत पाठवू नका. त्याच्यासोबत बसून अटींचा मजकूर वाचा. पैसे शेवटी कुणाच्या खिशातून येतात, काम सुरू करायला आधी काही भरावं लागतं का, आणि खातं बंद झालं तर दाद कुणाकडे मागायची, एवढं त्याला त्यातून शोधायला लावा. आधी पैसे भरा असं लिहिलेलं असेल, तर तिथूनच त्याला मागे फिरवा.