खाडी कोणाची?



शहाडवरून वाहणारी उल्हास नदी कल्याणला खाडी होते आणि वसईला समुद्राला मिळते. साम्राज्य म्हणजे काय, हे समजायला एवढा टापू पुरेसा आहे.

‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा उल्लेख येतो. आधी इथे व्यापार सुरळीत चाले. पुढे सत्ता बदलली, आणि चुकूनमाकून इकडे आलेलं ग्रीक गलबत पहाऱ्यात भडोचला नेलं जाऊ लागलं. राज्य आपल्या हद्दीत जकात घेतं. परक्याचं गलबत कुठे लागेल हे जे ठरवतं, ते साम्राज्य, असं मला वाटतं. पोर्तुगीजांनीही तेच केलं. त्यांचा परवाना नसेल, तर जहाज जप्त.

ही मेख शिवाजी महाराजांनी बरोबर ओळखली. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी हाती येताच त्यांनी खाडीत जहाजं बांधायला घेतली. कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. पण हे आरमार उद्या आपल्यावरच येईल, हे वसईकर पोर्तुगीजांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी आपली माणसं परत बोलावली. तरी आरमार उभं राहिलंच. पुढे कान्होजी आंग्र्यांनी किनाऱ्यावर स्वतःचे दस्तक, म्हणजे परवाने, चालवले. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि खाडीचं तोंड मराठ्यांच्या ताब्यात आलं.

आणि मग? 1756 मध्ये नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांचा काटा काढायला इंग्रजांची मदत घेतली. विजयदुर्गात मराठ्यांचंच आरमार जळालं. तुळाजी काही गरीब गाय नव्हते, पेशव्यांना ते जुमानत नव्हते, हे खरं. पण घरच्या भांडणापायी दर्याची राखण गेली. दोनच वर्षांनी मराठ्यांची घोडी अटकेला पोचली. त्याचा अभिमान आपण अजून बाळगतो. विजयदुर्गचा विषय मात्र शाळेत चटकन उरकतो. माझ्या मते उतरती कळा तिथेच लागली, पानिपताच्या पाच वर्षं आधी. 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, तेव्हा त्यांना समुद्रावर अडवायला आंग्र्यांचं ते आरमार नव्हतं. 1802 च्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, तीही वसईतच.

इंग्रजांचंही निराळं झालं नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी शहाडच्या शेजारी मोठी लष्करी छावणी वसवली. युद्ध जिंकलं, पण तिजोरी रिती झाली. दोन वर्षांत हिंदुस्थान सोडावा लागला. फाळणीनंतर त्या बराकींत सिंधी निर्वासित राहायला आले, आणि 1949 मध्ये या कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं.