तोंडी परीक्षेत पुरते उत्तर
(महोत्सवी कार्यक्रमात विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या अनेक मुलामुलींना ‘आयएल्टीएस’ ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. १९८९ सालापासून ती या नावाने चालू आहे. लेखी भागात बरे गुण मिळविणारी आपली काही मुले तिच्या तोंडी भागात मागे पडतात. याचे कारण भाषेचे दारिद्र्य खास नव्हे. घरी मराठी बोलणाऱ्या द. रा. बेंद्र्यांनी याच धारवाडात कन्नड काव्य लिहून १९७३ चे ज्ञानपीठ पारितोषिक मिळविले, जी. ए. कुलकर्णींनी येथेच इंग्रजी शिकवीत मराठी कथा लिहिल्या. परभाषेचे भय आपल्या मातीला नाही.

आड येते ती आपली सवय. ‘विचारले तेवढेच सांग’ असे वडीलमाणसे शिकवितात. ही शिकवण कोर्टात साक्ष देताना उपयोगी पडेल. परीक्षकापुढे मात्र ती घात करते.

ही तोंडी परीक्षा अवघी ११ ते १४ मिनिटांची. ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चार गोष्टींना सारखे महत्त्व असते. तुमचे मत बरोबर की चूक, याला गुण नाहीत. मग नुसत्या ‘यस’मध्ये परीक्षकाने या चारांपैकी काय ऐकावे? तराजूत माल घातलाच नाही, तर वजन कसले करणार?

समजा, विचारले, ‘पाऊस आवडतो का?’ तर इंग्रजीत असे म्हणावे : ‘हो, आवडतो, कारण आमच्या धारवाडला पाऊस लागला की हवा गार होते. लहानपणी आम्ही भिजतच शाळेतून येत असू. आता दप्तरात लॅपटॉप असतो, म्हणून आडोसा शोधतो.’ आधी सरळ उत्तर, मग कारण, मग स्वतःचे एखादे उदाहरण, आणि थांबावे. एवढ्यात भूतकाळ आला, वर्तमानकाळ आला आणि वाक्ये जोडणारे शब्दही आले.

दुसऱ्या भागात एक विषय देतात. तयारीला एक मिनिट व टिपणासाठी कागद-पेन्सिल मिळते. मग एक ते दोन मिनिटे बोलायचे. हुबळी स्टेशनावरील १५०७ मीटरचा फलाट जगात सर्वांत लांब असून २०२३ साली त्याचे उद्घाटन झाले, ही माहिती एका वाक्यात संपते. पण तेथे कोणाला पोचवायला गेलात, गाडी सुटताना काय वाटले, हे सांगू लागलात की दोन मिनिटे अपुरी पडतील. तिसऱ्या भागात त्याच विषयावर चर्चा होते. तेथे तर कारणांवाचून गत्यंतरच नाही.

मात्र पुरते उत्तर म्हणजे पाल्हाळ नव्हे, आणि घोकलेले भाषण तर नव्हेच. घोकंपट्टी परीक्षकाच्या कानाला लगेच कळते. त्याने मध्येच थांबविले तर घाबरू नका. त्याचाही वेळ बांधलेला असतो.

शेवटी पालकांना एक विनंती. या परीक्षेची फी हजारो रुपये आहे, आणि गुण थोडक्यात हुकले तर मुलाचे वर्ष वाया जाऊ शकते. तेव्हा जेवताना मूल काही सांगू लागले, तर ‘पुरे’ म्हणू नका, ‘बरे, मग?’ असे विचारा. भाषा मराठी असो वा कन्नड, मन मोकळे करण्याची सवय घरात लागली, की ती इंग्रजीतही उतरेल. ट्रस्टनेही आठवड्यातून एक तास आपले सभागृह या सरावासाठी द्यावे, अशी सूचना करून मी आपली रजा घेतो.