सायकल घरीच राहते

आम्ही रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या बाया. आमचे घरवाले बोटीवर खलाशी. सहा-नऊ महिने समुद्रावर, मग सुट्टी.

बोटीवर चढायला डॉक्टरांचा दाखला लागतो. तो जास्तीत जास्त 2 वर्षं चालतो. साखर, रक्तदाब फार वाढला तर दाखला अडतो आणि पगारही. म्हणून बोटीवरच्या व्यायामाच्या खोलीत ते सायकल मारतात, पण ती जागच्या जागीच फिरते. घरी आले की खरी सायकल काढतात. घाटी चढतात, उतारावर पोरांसारखे ओरडतात.

आधी आम्ही हसायचो. मग वाटलं, आमच्या तब्येतीचा दाखला कोण मागतं? गटाच्या तपासणीत आमच्यातल्या तिघींची साखर वाढलेली निघाली.

मग डॉक्टरांना विचारून आम्हीही शिकलो. शाळेच्या पटांगणात, दोन्ही पाय टेकतील इतकी सीट खाली घेऊन. मागून धरायला हेच खलाशी. पडलो, गुडघे खरचटले, लोक बघत राहिले.

आता ते पुन्हा बोटीवर गेलेत. सायकल घरीच आहे. रोज संध्याकाळी आम्ही ती बाहेर काढतो. तुमच्या पडवीतही एखादी उभी असेल, बघा!