महाकालवनात कोणती झाडे लावावीत?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात आपल्या क्षेत्राला महाकालवन म्हटले आहे. आज उज्जैन जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्काही नाही. २०२८ चा सिंहस्थ जवळ येत आहे, तेव्हा वृक्षारोपणे पुष्कळ होतील. लावलेल्या रोपांचे आकडे आम्ही सरकारी नोकर दरवर्षी पाहतो. प्रश्न एवढाच, की ४० वर्षांनी त्यातले काय उभे असेल?

आजचे रोप वाढेल ते उद्याच्या हवामानात. उन्हाळा आणखी तापेल, पाऊस थोड्या दिवसांत कोसळून मध्ये लांब उघडीप देईल. त्यात माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि कोवळी मुळे तोडते. गुलमोहर लवकर सावली देतो, पण वादळात लवकर मोडतोही.

उत्तर बरेचसे आपल्या पूजेच्या ताटात आहे. बाप्पाच्या २१ पत्रींत शमी, बोर, बेल, अर्जुन आहेत. शमी आणि बोर खोल मुळांमुळे राजस्थानच्या कोरड्या भागातही तगतात. बेल पाने गाळून उन्हाळा सोसतो. अर्जुनाला ओलावा हवा, म्हणून तो क्षिप्रेकाठी लावावा, माळावर नाही. याच पत्रींत देवदारही आहे, पण तो हिमालयाचा. तेव्हा झाड पवित्र असून भागत नाही, जागा मानवली पाहिजे. मुरमाड उतारावर खैर, धावडा, सालई, पळस बरे.

बियाण्याचाही विचार व्हावा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पुढचे हवामान लक्षात घेऊन उष्ण भागातले बी थंड भागात वापरतात. आपणही इथल्या कडुनिंबाबरोबर, जास्त तापणाऱ्या निमाडातल्या कडुनिंबाचे बी लावून पाहावे. एकाच जातीच्या रांगा मात्र नकोत; एका रोगात सगळ्या जातात.

राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालाचे मंदिर पुन्हा उभारले. आपली कितीतरी घराणी शिंद्यांच्याच काळात इथे आली. वन उभारायला मात्र दिवाण लागत नाही. रोपाला काटेरी कुंपण आणि निदान तीन उन्हाळे पाणी लागते. एका घराने एक झाड घ्यावे, मंडळाने वही ठेवावी. पुढच्या गणेशोत्सवात किती लावली हे कुणी सांगू नये, किती जगली ते सर्वांसमोर वाचून दाखवावे.

गणपती बाप्पा मोरया!