सिक्कीम आजही वेगळा देश असता तर?

आज आपण थोडं लांब जाणार आहोत. कांचनजंगाच्या पायथ्याशी, सिक्कीमला.

१९७५ पर्यंत सिक्कीम भारताचं राज्य नव्हतं. तिथे १६४२ पासून नामग्याल घराण्याचे बौद्ध राजे होते. राजाला चोग्याल म्हणत, म्हणजे धर्माने राज्य करणारा. १९५० च्या करारानं संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार भारताकडे आले, घरचा कारभार राजाकडे राहिला. मात्र वस्तीत नेपाळी बोलणारे जास्त असूनही जागावाटपामुळे त्यांच्या मताचं वजन कमी पडे. १९७३ मध्ये त्यावरून आंदोलन झालं. १४ एप्रिल १९७५ ला जनमत घेतलं. राजेशाही संपवून भारतात यायच्या बाजूने ५९,६३७ मतं, विरोधात १,४९६. पण त्याआधी पाचच दिवस भारतीय सैन्याने राजवाड्याच्या रक्षकांची शस्त्रं काढून घेतली होती, म्हणून त्या घाईबद्दल आजही वाद होतो. १६ मे १९७५ ला सिक्कीम आपलं २२ वं राज्य झालं.

आता कल्पना करू, हे झालंच नसतं. रंगपोला देशाची सीमा असती. गंगटोक ही एका देशाची राजधानी असती. डोंगर, मठ, वेलदोड्याचे मळे, सगळं तेच. ऐकायला छान वाटतं. पण तिथल्या बाईचं काय झालं असतं?

खात्रीनं कोण सांगणार? पण शेजारचा भूतान बघता येतो. तोही डोंगरातला बौद्ध राजाचा देश. १९७१ ला तो संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला, २००८ ला तिथे संसदेची पहिली निवडणूक झाली. लोकांच्या सुखाचा विचार करणारा देश म्हणून त्याचं नाव आहे. त्याच देशात १९८५ च्या कायद्यानं आई आणि वडील दोघंही भूतानी असतील तरच मूल जन्मानं नागरिक ठरलं. बाहेरून लग्न होऊन आलेल्या बायका मोजणीत वेगळ्या रकान्यात गेल्या. पुढे नेपाळी बोलणारे लाखाच्या आसपास लोक देशाबाहेर पडले आणि वर्षानुवर्षं नेपाळमधल्या छावण्यांत राहिले.

मग भारतात आल्यावर सिक्कीमच्या बायकांचं सगळं सुरळीत झालं का? तसंही नाही. २००८ मध्ये सिक्कीमी माणसांना आयकरात सूट मिळाली. पण १ एप्रिल २००८ नंतर बिगरसिक्कीमी पुरुषाशी लग्न केलेल्या बाईला ती नाकारली. सिक्कीमी पुरुषाने बाहेरची बायको केली तर त्याची सूट तशीच. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट रद्द केली. पंधरा वर्षं लागली.

म्हणजे बघा, झेंडा कुठला हा प्रश्न मोठाच. पण नोंदवहीत बाईचं नाव स्वतःच्या हक्कानं आहे, की कुणाची बायको म्हणून, हा प्रश्न राजाच्या देशातही असतो आणि लोकशाहीतही असतो.

म्हणून पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एक काम करू. गटातल्या प्रत्येकीचं नाव मतदार यादीत आहे का, घराच्या उताऱ्यावर आहे का, सातबाऱ्यावर आहे का, हे वाचून बघू. नव्या सुनेचं नाव माहेरी कमी झालं आणि सासरी लागलंच नाही, असं तर नाही ना? ज्यांची नावं नाहीत त्यांची यादी करू आणि ग्रामसभेआधीच्या महिला सभेत मांडू. एकटीनं विचारलं तर उद्या या म्हणतात. आपण दहाजणी मिळून जाऊ.